सांगोला विधानसभा मतदारसंघ, १९६२ ते २०२४ : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

गावच्या वाचनालयाच्या भिंतीवर लावण्यासाठी सांगोला विधानसभा मतदारसंघाच्या सगळ्या निवडणुकांचा एक मोठा तक्ता तयार करण्याचे काम आजपासून हाती घेतले. नोव्हेंबरमध्ये निकाल लागल्यापासून वाचनालयात येणारी तरुण मुले ‘सांगोला म्हणजे शेकापचा (शेतकरी कामगार पक्षाचा) बालेकिल्ला’ हे वाक्य सारखे उच्चारतात. त्यांच्यातल्या बहुतेकांनी मतदान केले आहे ते २०१९ आणि २०२४ या दोनच निवडणुकांत, आणि त्यातल्या पहिल्या निवडणुकीत तर शेकाप हरला होता. बालेकिल्ला हा शब्द किती खरा आहे आणि कुठे अपुरा पडतो, हे आकड्यांवरून दिसावे एवढीच या तक्त्याकडून माझी अपेक्षा आहे.

सुरुवात १९६२ पासून करायची असे ठरवले आहे. १९५२ आणि १९५७ च्या निवडणुका मुंबई राज्यात झाल्या, आणि त्या काळी काही मतदारसंघांतून दोन-दोन आमदार निवडले जात. ही द्विसदस्य पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली. महाराष्ट्र राज्याची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ ची. तिथपासून एक मतदारसंघ, एक आमदार हे सूत्र सलग चालत आले असल्याने ओळीखाली ओळ मांडून तुलना करता येते.

९ जानेवारी २०२५

पहिली अडचण नावाची आली. लोक ‘सांगोला’ म्हणतात, शासकीय कागदांत ‘सांगोले’ असते, आणि रोमन लिपीतल्या जुन्या अहवालांत ही दोन्ही रूपे आलटून पालटून येतात. संगणकाने ती दोन वेगळी ठिकाणे धरली आणि अर्धा इतिहास एका नावाखाली, अर्धा दुसऱ्या नावाखाली गेला. सगळ्या ओळी हाताने तपासून एक केल्या. तक्त्याच्या मथळ्यात ‘सांगोला’ ठेवले आहे, कारण तो वाचणारी माणसे इथलीच आहेत.

दुसरी अडचण नावाच्या आड लपलेली आहे आणि ती अधिक गंभीर आहे. मतदारसंघाचे नाव तेच राहिले तरी त्याची हद्द तीच राहिलेली नाही. राज्यातल्या विधानसभेच्या जागा १९६२ मध्ये २६४ होत्या, १९६७ मध्ये २७० झाल्या आणि १९७८ पासून २८८ आहेत. प्रत्येक फेररचनेत सीमा थोड्याफार सरकल्या. सध्याची हद्द २००८ च्या फेररचनेची आहे. तिच्यानुसार सांगोल्याचा क्रमांक २५३ असून संपूर्ण सांगोला तालुक्याबरोबर पंढरपूर तालुक्यातले भाळवणी महसूल मंडळही त्यात येते. भाळवणीचा शेतकरी तहसीलच्या कामासाठी पंढरपूरला जातो आणि आमदार मात्र सांगोल्याचा निवडतो. म्हणून १९८५ ची मते आणि २०१४ ची मते शेजारी ठेवून ‘इतकी वाढली’ असे म्हणणे चूक ठरेल. तक्त्यात १९६७, १९७८ आणि २००९ या ओळींच्या वर जाड रेघ मारायची आणि रेघेच्या टोकाशी ‘हद्द बदलली’ एवढेच लिहायचे.

लोकसभेचा मजकूर या तक्त्यात घेणार नाही. पूर्वी हा भाग पंढरपूर लोकसभा मतदारसंघात होता आणि २००९ पासून माढ्यात आहे. तिथे शरद पवार, विजयसिंह मोहिते-पाटील, रणजितसिंह नाईक-निंबाळकर आणि धैर्यशील मोहिते-पाटील असे चार वेळा चार वेगवेगळे खासदार निवडून आले. तो विषय वेगळा आहे आणि त्याला वेगळा तक्ता लागेल.

१४ जानेवारी २०२५

विजेत्यांचा रकाना पूर्ण झाला. १९७४ ची पोटनिवडणूक धरून एकूण १५ लढती आहेत. त्यांपैकी १२ शेतकरी कामगार पक्षाने जिंकल्या, दोन काँग्रेसने (१९७२ आणि १९९५) आणि एक शिवसेनेने (२०१९). शेकापच्या बारांपैकी ११ विजय एकट्या गणपतराव देशमुखांचे आहेत : १९६२, १९६७, १९७४, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. बारावा विजय २०२४ मध्ये त्यांचे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी मिळवला.

आबासाहेब, म्हणजे गणपतराव, ‘५४ वर्षे आमदार होते’ असे अनेक ठिकाणी छापलेले वाचले आहे. ओळी समोर असल्यामुळे मोजून पाहिले. १९६२ ते १९७२ ही दहा वर्षे, १९७४ ते १९९५ ही एकवीस आणि १९९९ ते २०१९ ही वीस, म्हणजे एकूण सुमारे ५१ वर्षे होतात. पहिल्या निवडणुकीपासून अखेरच्या कार्यकाळाच्या शेवटापर्यंतचा सलग काळ मोजला तर तो ५७ वर्षांचा भरतो. तक्त्याखाली ‘सुमारे ५१ वर्षे’ असेच लिहिणार आहे. ज्या माणसाच्या साधेपणाबद्दल आणि एसटीने केलेल्या प्रवासाबद्दल आमच्या तालुक्यात आजही आदराने बोलले जाते, त्याच्या नावावर तीन वर्षे वाढवून टाकण्याची काही गरज नाही.

१९ जानेवारी २०२५

एकाच मतदारसंघातून सर्वाधिक वेळा निवडून येण्याचा देशातला विक्रम सांगोल्याचा आहे असेही सर्रास म्हटले जाते. केरळातल्या पाला मतदारसंघातून के. एम. मणी १३ वेळा आणि पुथुप्पल्लीतून ओमन चांडी १२ वेळा निवडून आले आहेत. त्यामुळे हे वाक्य तक्त्यातून वगळले.

२६ जानेवारी २०२५

आज सांगोल्याच्या प्रत्येक निकालाशेजारी त्या वर्षीचा राज्याचा निकाल मांडला, आणि कामाला खरा अर्थ आला असे वाटते. एकट्या सांगोल्याचा रकाना पाहिला की सगळे शांत, स्थिर दिसते. राज्याचा रकाना शेजारी आला की प्रत्येक विजयाचे वजन वेगळे असल्याचे लक्षात येते.

१९६२ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. संयुक्त महाराष्ट्र समितीचा जोर ओसरलेला होता आणि शेकापच्या वाट्याला १५ जागा आल्या. त्यांतली एक सांगोल्याची. १९६७ मध्ये शेकापच्या १९ जागा झाल्या, आणि त्यापुढच्या कोणत्याही निवडणुकीत पक्ष त्या आकड्यापर्यंत पुन्हा पोहोचला नाही. १९७२ ची निवडणूक बांगलादेश युद्धानंतर लगेचच झाली. इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा घेतल्या, शेकाप १९ वरून ७ वर आला आणि सांगोल्यातही काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. म्हणजे त्या वर्षी सांगोल्याने राज्याबरोबर मत दिले. त्यांच्या निधनानंतर १९७४ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि जागा पुन्हा शेकापकडे आली. मधल्या दोन वर्षांत १९७२ च्या दुष्काळाने हा सगळा पट्टा होरपळून निघाला होता. दुष्काळी कामांवर खडी फोडलेली माणसे आजही आमच्या गावात आहेत. दुष्काळ आणि पोटनिवडणूक हे एकामागून एक आले एवढे मी तक्त्यात दाखवणार आहे. दुष्काळामुळे निकाल बदलला, असे मात्र माझ्याजवळच्या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

१९७८ मध्ये काँग्रेस दोन पक्षांत विभागलेली होती, जनता पक्ष ९९ जागांसह सर्वात मोठा पक्ष ठरला, शेकापला १३ जागा मिळाल्या आणि पुढे शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात गणपतराव मंत्री झाले. त्यानंतरची १९८० ची ओळ मला सर्वात बोलकी वाटते. पुलोद सरकार बरखास्त झालेले, इंदिरा काँग्रेसला राज्यात १८६ जागा आणि शेकाप ९ वर. १९७२ सारखीच लाट होती, पण या वेळी सांगोला तिच्याबरोबर गेला नाही. आठ वर्षांत इथल्या मतदाराची आणि आमदाराची गाठ कशी पक्की झाली, हे या दोन ओळी एकाखाली एक वाचल्यावर जाणवते. १९८५ मध्ये १३ आणि १९९० मध्ये ८ असे पक्षाचे राज्यातले बळ खालीवर होत राहिले, सांगोल्याची जागा मात्र हलली नाही.

मग १९९५ येते. काँग्रेस राज्यात ८० जागांवर घसरली, शिवसेना-भाजप युतीचे पहिले सरकार आले, आणि नेमक्या त्याच वर्षी सांगोल्याने काँग्रेसचे शहाजीबापू पाटील निवडून दिले. राज्य काँग्रेसकडून दूर जात असताना सांगोला काँग्रेसकडे गेला. त्यापुढच्या निवडणुकीत, १९९९ मध्ये, शेकाप ५ जागांवर होता आणि त्या पाचांत सांगोला परत आला होता. पक्ष या वेळी काँग्रेस आणि नव्याने स्थापन झालेल्या राष्ट्रवादीच्या आघाडी सरकारात सामील झाला आणि गणपतराव विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात गेले. ज्या काँग्रेसविरुद्ध १९६२ पासून इथली लढत चालली होती, तिच्याच सोबत सत्तेत बसण्याचा हा प्रसंग होता. म्हणून तक्त्यात ‘सत्ताधारी’ आणि ‘विरोधी’ असे दोन रंग देण्याचा माझा पहिला बेत सोडून दिला. काँग्रेसलाही एकच रंग देता येत नाही, कारण १९७८ मध्ये तिचे दोन पक्ष होते आणि १९९९ नंतर तिच्यातून निघालेली राष्ट्रवादी वेगळी लढू लागली. आता रंग फक्त विजयी पक्षाचा, आणि राज्याचा निकाल शेजारी साध्या काळ्या आकड्यांत.

शेकापच्या राज्यातल्या जागांचा रकाना वरून खाली वाचताना वाईट वाटते : २००४ मध्ये २, २००९ मध्ये ४, २०१४ मध्ये ३, २०१९ मध्ये १, २०२४ मध्ये १. २००९ आणि २०१४ मध्ये सांगोला सोडता पक्षाच्या उरलेल्या सगळ्या जागा रायगड जिल्ह्यातल्या होत्या. २०१९ मधली एकमेव जागा नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याची होती, आणि २०२४ मधली एकमेव जागा आमची.

२ फेब्रुवारी २०२५

गावातले एक निवृत्त मुख्याध्यापक अनेक निवडणुकांत मतदान केंद्रावर अधिकारी म्हणून गेलेले आहेत. त्यांच्याकडे आज दुपारी तक्त्याचा कच्चा खर्डा घेऊन गेलो. चष्मा पुसून त्यांनी सगळ्या ओळी सावकाश वाचल्या आणि म्हणाले, “आकडे बरोबर असतील तुझे, पण यात पाणी कुठं आहे?” मी म्हणालो, “गुरुजी, मतपत्रिकेवर पाणी नव्हतं.” त्यावर ते म्हणाले, “मतपत्रिकेवर नव्हतं, रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात होतं.”

त्यांचे म्हणणे टाळता येण्यासारखे नाही. सांगोला पर्जन्यछायेतला तालुका आहे. माण नदी वर्षातला बराच काळ कोरडी असते, आणि इथल्या माळावर जी श्रीमंती आली ती ठिबकावर जगवलेल्या डाळिंबाने आणली. म्हैसाळ आणि टेंभू उपसा सिंचन योजनांतून कृष्णेचे पाणी या बाजूला वळावे, ही मागणी इथल्या राजकारणाचा कणा राहिली आहे. कृष्णा खोऱ्यातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीला भरू लागली आणि गणपतराव तिच्या प्रमुख नेत्यांपैकी होते. सहकारी सूतगिरणी उभी राहिली, जिच्यामुळे तालुक्यातल्या किती तरी घरांत महिन्याचा पगार येऊ लागला. या सगळ्याचा मतांशी संबंध आहे हे इथे राहणारा कोणीही सांगेल.

तरीही गुरुजींना एक शंका बोलून दाखवली. पाणी परिषद सुरू झाली १९९३ मध्ये आणि पुढच्याच निवडणुकीत, १९९५ मध्ये, तिचे नेतृत्व करणारे आबासाहेब पडले. पाण्याचा प्रश्न मांडला म्हणून मते मिळतात असा सरळ हिशेब असता तर ही ओळ तक्त्यात नसती. गुरुजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “परिषदेनं पाणी येत नाही. परिषदेनं पाण्याची वाट बघणं सुरू होतं.” हे वाक्य वहीत उतरवून घेतले आहे. तक्त्यात पाण्यासाठी वेगळा, अरुंद रकाना ठेवायचा आणि त्यात फक्त वर्ष व घटना लिहायची असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले.

बोलण्यातून माहिती गोळा करताना एक काळजी घ्यावी लागते. इथे ‘आबासाहेब’ म्हणजे गणपतराव, ‘आबा’ म्हणजे दीपक साळुंखे-पाटील आणि ‘बापू’ म्हणजे शहाजीबापू. घाईत लिहून घेतलेल्या ‘आबा’ने माझ्या दोन नोंदी चुकीच्या माणसाच्या नावावर गेल्या होत्या, आज दुरुस्त केल्या.

८ फेब्रुवारी २०२५

मतदारसंख्येच्या रकान्यासाठी तळटीप लिहिली. घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले ते १९८९ मध्ये, त्यामुळे १९९० च्या ओळीत मतदार वाढलेले दिसतात त्याचे एक कारण हे आहे. ‘बाद मते’ हा रकाना ठशाच्या मतपत्रिकांच्या काळापुरता अर्थपूर्ण आहे, आणि ‘नोटा’ विधानसभेसाठी आपल्याकडे २०१४ पासून आला. या दोहोंना एकाच रकान्यात घालणे चूक आहे. शिक्का दोन चिन्हांच्या मधे पडलेला माणूस आणि ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण दाबणारा माणूस यांनी वेगळ्या गोष्टी केलेल्या असतात.

१५ फेब्रुवारी २०२५

आज मताधिक्याचा रकाना भरला आणि त्यातल्या दोन आकड्यांपाशी बराच वेळ थांबलो. १९९५ मध्ये गणपतराव १९२ मतांनी पडले. २०१९ मध्ये, वयामुळे त्यांनी स्वतः उभे राहणे थांबवल्यावर, त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना ९८,६९६ मते मिळाली आणि शिवसेनेच्या तिकिटावर उभ्या असलेल्या शहाजीबापूंना ९९,४६४, अंतर ७६८. दोघांच्या मतांची बेरीज १,९८,१६० होते, आणि हे अंतर तिच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे.

दोन्ही वेळचे विजेते शहाजीबापूच आहेत. चोवीस वर्षांच्या अंतराने त्यांनी दोन वेगवेगळ्या पक्षांतून ही जागा जिंकली, आणि दोन्ही मताधिक्ये एकत्र केली तरी ९६० भरतात. आमच्या तालुक्यातल्या एखाद्या मोठ्या गावाच्या एका वॉर्डाएवढी ही मते आहेत. एवढी मते दुसऱ्या बाजूला पडली असती तर १९७४ पासून आजपर्यंत इथे एकाच पक्षाची सलग पन्नास वर्षे झाली असती आणि बालेकिल्ला हा शब्द अक्षरशः खरा ठरला असता. पण याच ओळी उलट बाजूनेही वाचायला हव्यात. १९९५ मध्ये निम्म्याच्या जवळपास मतदारांनी आणि २०१९ मध्ये पुन्हा तितक्याच मोठ्या वर्गाने शेकापविरुद्ध मत दिले. ते मतदार एका रात्रीत तयार झालेले नव्हते. विजेत्यांच्या यादीत ते कुठेही दिसत नाहीत, आणि केवळ विजेत्यांची यादी लावली तर तालुक्यातल्या निम्म्या घरांचा इतिहास भिंतीवर येणारच नाही. म्हणून तक्त्यात पराभूत उमेदवाराचे नाव विजेत्याच्याच आकाराच्या अक्षरांत द्यायचे, हा निर्णय आज पक्का केला.

२३ फेब्रुवारी २०२५

शेवटच्या तीन निवडणुकांचा हिशेब आज मांडला. २०१४ मध्ये गणपतरावांना ९४,३७४ आणि शहाजीबापूंना ६९,१५० मते होती, मताधिक्य २५,२२४. २०२४ मध्ये डॉ. बाबासाहेब देशमुखांना १,१६,२५६, शिवसेनेच्या शहाजीबापूंना ९०,८७० आणि शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाच्या दीपक साळुंखे-पाटलांना ५०,९६२ मते मिळाली, मताधिक्य २५,३८६. आजोबांच्या अखेरच्या आणि नातवाच्या पहिल्या विजयाच्या मताधिक्यांत केवळ १६२ मतांचा फरक आहे. ही जुळणी डोळ्यांत भरते, पण ती योगायोगाची आहे असेच मी मानतो, कारण २०१४ आणि २०२४ च्या लढतींची घडण अगदी वेगळी होती.

२०२४ च्या निकालाचे कारण चावडीवर एका दमात सांगितले जाते : २०१९ मध्ये दीपकआबा बापूंच्या बाजूने होते, २०२४ मध्ये स्वतः उभे राहिले, त्यांनी बापूंची मते खाल्ली. हे अर्धे तरी तपासता येते. २०१९ च्या तुलनेत शहाजीबापूंची मते ८,५९४ ने कमी झाली, तर देशमुखांची १७,५६० ने वाढली. साळुंखे-पाटलांची जवळपास ५१ हजार मते केवळ बापूंकडून गेली असतील, तर बापूंना दुसरीकडून चाळीस हजारांहून अधिक नवी मते मिळाली असली पाहिजेत, आणि देशमुखांची वाढ तरीही वेगळीच राहते. शिवाय पाच वर्षांत यादीत नवे मतदार आले, काही गेले. महाविकास आघाडीच्या बाजूने मत देऊ पाहणाऱ्या मतदारासमोर या वेळी शेकाप आणि उद्धव ठाकरेंचा पक्ष असे दोन पर्याय होते, ही गोष्टही चावडीवरच्या हिशेबात येत नाही. जून २०२२ मध्ये बापू एकनाथ शिंदे यांच्यासोबत गुवाहाटीला गेले आणि तिथून फोनवर बोललेल्या एका वाक्याने राज्यभर घरोघरी पोहोचले. त्या प्रसिद्धीचे मतांत काय झाले हेही या बेरीज-वजाबाकीतून वेगळे काढता येत नाही. एकूण आकड्यांवरून एकेका मतदाराचा प्रवास ओळखता येत नाही, म्हणून तक्त्यात तीन उमेदवारांचे आकडे आणि मागच्या वेळच्या तुलनेतला फरक एवढेच द्यायचे आणि कारणाचा रकाना ठेवायचा नाही.

२ मार्च २०२५

आलेख काढताना झालेली एक चूक नोंदवून ठेवतो. सगळ्या निवडणुकांमधले अंतर मी सारखे धरले होते. त्यामुळे १९७२ ते १९७४ ही दोन वर्षे, १९७८ ते १९८० ही दोन वर्षे आणि २०१४ ते २०१९ ही पाच वर्षे कागदावर एकाच लांबीची दिसत होती आणि काँग्रेसची १९७२ ची कारकीर्द पूर्ण मुदतीची वाटत होती. आडवी पट्टी आता वर्षांच्या मापाने आखली आहे. एका वर्षाला दोन सेंटिमीटर धरल्यावर १९६२ ते २०२४ साठी एकशे चोवीस सेंटिमीटर लागतात, आणि वाचनालयाच्या दारापासून खिडकीपर्यंतची भिंत त्याला पुरते.

१६ मार्च २०२५

तक्ता छापून आला. गुरुजींनी शुद्धलेखन तपासले आणि १९९५ च्या ओळीतला १९२ हा आकडा दोनदा वाचला. उजव्या टोकाला २०२४ नंतर दहा सेंटिमीटर जागा मोकळी सोडली आहे, म्हणजे पुढच्या निवडणुकीचा निकाल हाताने लिहिता येईल. उद्या सकाळी वाचनालय उघडण्याआधी तक्ता भिंतीवर लावायचा आहे.